इंजिन चालू ठेवून

माझ्या थोरल्या बहिणीला कुणी चांगली म्हटलं की तिचं डोकं फिरतं. म्हणून आधीच सांगून ठेवतो, ती चांगली वगैरे काही नाही. ती गाडी शिकवते. आयुष्यभर तिने शहराची बस चालवली. निवृत्त झाल्यावर थोडे दिवस घरात बसली, पण तेवढ्यात तिने सगळ्यांना असं काही सळो की पळो करून सोडलं, की माझ्या भाच्यानेच एक जुनी छोटी गाडी आणून तिच्या दारात उभी केली. ताईने शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक बसवून घेतला आणि दुसऱ्याच दिवसापासून शिकवणी सुरू केली.

ती शिकवताना ओरडत नाही. चूक झाली की आपल्या बाजूचा ब्रेक दाबते, गाडी थांबते, आणि मग ती तुमच्याकडे बघते. ते बघणं मी लहानपणापासून ओळखतो. ओरडलेलं परवडलं.

माझी ओळख एवढीच, की मी तिचा धाकटा भाऊ, आणि आम्ही दोघं एकाच घरात राहतो. साठी उलटली तरी ती मला चारचौघांत ‘छोट्या’ म्हणते. नोकरी पोस्टात केली, पत्रांची वर्गवारी करायची. आता शाळेसमोर पोरांना रस्ता ओलांडून देतो. केशरी जाकीट, डोक्याला टोपी आणि हातात दांड्याची गोल लाल पाटी, ‘थांबा’ लिहिलेली. घरात माझं मांजरसुद्धा ऐकत नाही, पण ही पाटी वर केली की दुधाचा टँकरही मुकाट्याने उभा राहतो. हे सुख कुणाला कळायचं नाही.

शाळेच्या मागच्या गल्लीत एक ऑफिस आहे. लढाया आणि जाळपोळ मागे टाकून आलेल्या लोकांना घर बघून देणं, पोरांना शाळेत घालणं, मोठ्यांना काम शोधून देणं, असली कामं तिथे चालतात. तिथल्या बाईंनी एकदा ताईला गळ घातली, की आमच्या माणसांना तुम्हीच गाडी शिकवा, इतर शिकवणारे त्यांच्यावर खेकसतात. ताई म्हणाली, “मी समाजसेवा करत नाही.” बाई म्हणाल्या, “नका करू. गाडी शिकवा.” हे उत्तर ताईला पटलं.

या लोकांना आमची भाषा धड येत नव्हती आणि ताईला त्यांची एकही येत नव्हती. तिने तिचा जुना बसवाला उपाय काढला. नव्या माणसाला आधी शेजारी बसवायचं, स्वतः गाडी चालवायची, आणि रस्त्यावर जे जे दिसेल ते मोठ्याने बोलत जायचं. “समोर सायकल. डावीकडे कुत्रा. बाई घाईत. वेग कमी.” मग जागा बदलायची, आणि शिकणाऱ्याने बोलत बोलत चालवायचं. त्यामुळे तिच्या हाताखालून गेलेली माणसं आमची भाषा रस्त्याचीच बोलतात. त्यांतली एक बाई आमच्या भाजीबाजारात भेटते. मला बघितलं की गर्दीत हसून म्हणते, “समोर काका. पिशवी जड. वेग कमी.” मीही पिशवी सावरत वेग कमी करतो.

ट्रकवाला या सगळ्यांच्या नंतर आला. चाळिशीचा, रुंद खांद्याचा, बोलायला कमी. त्याच्या देशात तो डोंगरातून मालाचे ट्रक न्यायचा. त्याला शिकवण्यासारखं काही नव्हतंच. पहिल्या दिवशी ताई घरी येऊन म्हणाली, “हा माझ्यापेक्षा बरा चालवतो.” हे वाक्य मी तिच्या तोंडून आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. 

पण तिकडचं लायसन इथे चालत नव्हतं. इथली परीक्षा द्यायलाच हवी. पलीकडच्या चौकातल्या बेकरीवाल्याला पावाची व्हॅन चालवायला माणूस हवा होता, आणि त्याने ट्रकवाल्यासाठी जागा धरून ठेवली होती. नोकरी कायम झाली, तरच त्याला बायकोला आणि लेकीला बोलावता येणार होतं. त्या दोघी अजून सीमेजवळच्या छावणीत होत्या. लेक सहा वर्षांची. तिने बापाला शेवटचं पाहिलं तेव्हा ती जेमतेम चालायला लागली होती. लायसन, मग नोकरी, मग त्या दोघी, असं सगळं एकात एक अडकलेलं होतं.

पहिल्या परीक्षेचा रस्ता माझ्या शाळेसमोरून गेला. नियमाप्रमाणे परीक्षक पुढे बसतो, आणि शिकवणाऱ्याला मागच्या सीटवर बसायची मुभा असते, मात्र तोंडाला कुलूप लावून. गाडी येताना दिसली, पोरं थांबलेली होतीच, मी पाटी वर केली. गाडी अगदी रेषेवर थांबली. मला कौतुक वाटलं. मग त्याने इंजिन बंद केलं. किल्ली काढून काचेपाशी सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. खिडकी खाली केली, हात लांब करून कागद बाहेर धरले, आणि दुसरा हात बोटं पसरून स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसला.

पोरं गेली. मी पाटी खाली केली. गाडी जागची हलेना. मागे हॉर्नचा गोंधळ सुरू झाला. काय झालं म्हणून मी खिडकीपाशी गेलो, तर त्याने ते कागद माझ्या हातात दिले. आता माझी पोस्टातली सवय, हातात कागद आला की नाव-पत्ता बघितल्याशिवाय राहवत नाही. मी चष्मा लावून ते शांतपणे वाचले, घडी केली, परत दिले आणि म्हणालो, “ठीक आहे. जा.” मग तो गेला. मागच्या सीटवरून ताईने मला जो काही नजरेचा प्रसाद दिला तो अजून पचलेला नाही. ट्रकवाला नापास झाला. परीक्षकाने कारण दिलं, वाहतूक अडवली. ते खरंच होतं, परीक्षकाला बोल लावण्यात अर्थ नव्हता.

“तू कशाला वाचलेस कागद?” ताई घरी येऊन म्हणाली. “तुला काय इन्स्पेक्टर केलंय?”

“त्याने हातात दिले!”

“उद्या कुणी हातात बाळ दिलं तर पाळणा हलवत बसशील?”

मग दर संध्याकाळी बाजाराच्या रिकाम्या मैदानावर तालीम सुरू झाली. मी पाटी घेऊन उभा राहायचो, तो गाडी घेऊन यायचा, थांबायचा, इंजिन चालू ठेवायचा, मी पाटी खाली केली की निघून जायचा. कितीदा तरी केलं. एकदाही चुकला नाही. माझ्या पायांचे तुकडे पडायची वेळ आली, पण ताई काही सोडेना. दुसऱ्या परीक्षेत माझ्यासमोरून तो झकास गेला. माझा जीव भांड्यात पडला. आणि पुढच्या वळणावर रस्ता खणत होते. तिथे कामगाराने लाल फडकं दाखवून गाडी थांबवली. इंजिन बंद. किल्ली काचेपाशी. कागद खिडकीबाहेर. कामगाराला वाटलं, कुणी पत्ता विचारतंय.

आता एकच संधी उरली होती. तिसऱ्यांदा नापास झालेल्याला पुन्हा परीक्षेला बसायला फार वाट पाहावी लागते, आणि बेकरीवाल्याने स्पष्ट सांगितलं होतं, की या महिन्यानंतर त्याचा नाइलाज आहे. पाव काही कुणासाठी थांबत नाही. त्याचंही चुकत नव्हतं.

त्या दिवशी ताई ट्रकवाल्याला सरळ घरी घेऊन आली. मी चहा ठेवला. स्वयंपाकघरात टेबलापाशी तो हात मांडीवर ठेवून बसला होता. ताई त्याच्या समोर बसली.

“भीती वाटते का रे?”

“नाही.”

“मग?”

 तो स्वतःला येणाऱ्या भाषेत, म्हणजे ताईने शिकवलेल्या भाषेत, गाडी चालवताना बोलतात तसा बोलायला लागला. नजर समोरच्या भिंतीवर.

“समोर वळण. वळणामागे दोरी. माणसं. बंदुका. वेग कमी. थांबलो.” त्याने हात टेबलावर ठेवले. “थंडी. इंजिन बंद केलं की परत सुरू होत नाही. म्हणून चालू. शेजारी भाऊ. धाकटा. ते म्हणतात, इंजिन चालू का? पळणार? भाऊ म्हणतो, थंडी आहे. दार उघडलं. भाऊ खाली.”

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि तसाच उभा राहिलो.

“मला म्हणतात, जा. मी पुढे. आरशात भाऊ. आरशात भाऊ लहान. वळण. आरशात कोणी नाही.”

ताई त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मला तिच्या नजरेची सवय आहे म्हणालो, पण ही नजर मी कधी पाहिली नव्हती. त्या क्षणी मला एवढंच कळलं, की आमचं आयुष्य एकमेकांवर खेकसण्यात गेलं, आणि ते किती नशिबाचं होतं. मी चहा गाळायच्या निमित्ताने पाठ फिरवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू.

त्याला कुणी काही समजावलं नाही. तुझा दोष नव्हता, वगैरे बोलायला आमच्या घरात कुणाला जमत नाही, आणि ते त्याला ठाऊक नसेल असंही नाही. ताईने त्याला चहा दिला, वर बिस्किटांचा डबा पुढे केला, आणि तो गेल्यावर भांडी आपटत घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेसमोर हजर. सोबत ट्रकवाला.

“छोट्या, तुझं जाकीट काढ.”

“का?”

“आजपासून पाटी हा धरणार. तू बाजूला उभा राहा.”

“अगं, हे काय तुझं स्वयंपाकघर आहे? शाळेची परवानगी लागते.”

“घेतली.”

शाळेच्या मोठ्या बाई गाडी ताईकडेच शिकल्या होत्या. ताईला नाही म्हणायची त्यांची काय बिशाद!

“पण उपयोग काय?” मी तिला बाजूला घेऊन विचारलं.

“थांबायचं त्याला काय शिकवायचं?” ती म्हणाली. “तो मेला आधीपासून थांबलेलाच आहे. थांबवणारा माणूसही आपल्यासारखाच असतो, हे त्याला त्या बाजूला उभं राहून बघू दे.”

माझं जाकीट त्याला आखूड झालं. पोरं जमली. त्याने पाटी वर केली, आणि एक भला मोठा ट्रक नेमका त्याच्यासमोर येऊन थांबला. आमच्या ट्रकवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.  मी पुढे होणार, तेवढ्यात ताईने माझी बाही धरली. पोरं पलीकडे गेली. त्याने पाटी खाली केली. ट्रक गेला. बस, एवढंच झालं.

“काय दिसलं?” ताईने विचारलं.

तो विचार करून म्हणाला, “समोर ट्रक. ड्रायव्हर जांभई.”

“आणि?”

“दुसरी गाडी. बाई. पोराला ओरडते. माझ्याकडे बघत नाही.”

पुढचे दिवस तो रोज सकाळी यायचा. थांबलेल्या गाड्यांतली माणसं काय करतात याचा त्याला नादच लागला. कुणी नाकात बोट घालतंय, कुणी आरशात बघून केस नीट करतंय, कुणी स्टिअरिंगवर ताल धरून गातंय. सगळ्यांची इंजिनं चालू. एक दिवस तो मला म्हणाला, “काका, कोणी घाबरत नाही?”

“मला? मला कोण घाबरणार?”

त्यावर तो हसला. खांदे हलवून हसला. आम्ही त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं. पोरांनी तोवर त्याचं नाव ‘लांब काका’ पाडलं होतं, आणि रस्ता ओलांडताना त्याच्या हातावर टाळी देऊन जायची पद्धतही पाडली होती. माझ्या हातावर इतक्या वर्षांत कुणी टाळी दिली नव्हती. असो.

तिसऱ्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ताईने मला दम भरला. “उद्या त्याची गाडी आली आणि पोरं उभी असली, तर पाटी वर करायची. त्याला सोडून दिलंस तर याद राख.” तिने हे का सांगावं? कारण मी तेच ठरवून बसलो होतो. एखादं पोर उभं असलं तर दप्तराचा पट्टा नीट करायच्या निमित्ताने त्याला जरा थोपवायचं, गाडी निघून गेली की मग पाटी. कुणाचं काय बिघडणार होतं? पण तिला माझं मन मी बोलायच्या आधी कळतं. हा तिचा फार जुना त्रास आहे.

सकाळी गाडी आली तेव्हा फुटपाथवर एकच मुलगी होती. लाल दप्तराची. फक्त एक मुलगी, आणि गाडी अजून बरीच लांब.  मागच्या सीटवर ताईचं डोकं दिसत होतं. मी पाटी वर केली.

गाडी रेषेवर थांबली. परीक्षकाचा चेहरा म्हणजे बंद दुकान, काही कळायला मार्ग नाही. ट्रकवाल्याचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि किल्लीवर गेला. मी बघत होतो. हात किल्लीवर तसाच राहिला. मुलगी आपली निवांत, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरच पाय टाकत चाललेली. मला तिला उचलून पलीकडे ठेवावंसं वाटलं. मग त्याचे ओठ हलायला लागले. काच बंद होती, मला ऐकू आलं नाही. ताईने नंतर सांगितलं, तो परीक्षकाच्या शेजारी बसून मोठ्याने बोलत होता: “समोर काका. हातात पाटी. मुलगी. दप्तर लाल. काका घाबरलेले. इंजिन चालू.” ताईचा पाय मागे, जिथे ब्रेक नव्हताच, तिथे इतका जोरात दाबला गेला होता की रात्रभर पोटरी दुखली म्हणे. मुलगी पलीकडे पोचली. त्याचा हात किल्लीवरून उठला, परत स्टिअरिंगवर आला, आणि गाडी निघून गेली.

पास झाला. ताईने पेढे वगैरे काही वाटले नाहीत, उलट गाडीच्या काचा मळल्यात म्हणून त्याच्याकडून धुवून घेतल्या. बेकरीवाल्याने शब्द पाळला. ट्रकवाला पहाटे पाव पोचवायला लागला, आणि ऑफिसातल्या बाईंनी बाकीच्या खटपटी सुरू केल्या. त्यात बराच काळ गेला. पण एका दुपारी, शाळा सुटायच्या वेळेला, तो बेकरीची व्हॅन घेऊन बायकोला आणि लेकीला विमानतळावरून आणायला गेला. त्याने ताईला सोबत चला म्हणून फार आग्रह केला. “मी कशाला?” ती म्हणाली. “इतक्या वर्षांनी भेटताय, त्यात माझी लुडबुड नको.” आणि मग सगळा वेळ माझ्याशेजारी फुटपाथवर येऊन उभी राहिली. विचारलं तर म्हणे, तू काम नीट करतोस की नाही ते बघायला आले.

शाळा सुटली. पोरांचा लोंढा आला. मी पाटी वर केली, आणि समोर व्हॅन येऊन थांबली. तोच होता. पुढच्या सीटवर तिघं. तो, मध्ये मुलगी, आणि खिडकीशी बायको. मी हात हलवून स्वागत करणार, तेवढ्यात बायकोचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझ्या जाकिटाकडे, टोपीकडे, वर धरलेल्या पाटीकडे. तिने खिडकी खाली केली आणि कागद बाहेर धरले. मधल्या मुलीने, कुणी काही न सांगता, दोन्ही हात वर केले.

मला काय करावं कळेना. पोरं रस्ता ओलांडत होती, पाटी खाली करता येत नव्हती.

ट्रकवाल्याने मुलीचे हात धरून हलकेच खाली घेतले. मग बायकोच्या अंगावरून वाकून मला विचारलं, “काका, कागद बघायचेत का?”

क्षणभर मी चिडलो. इतकं सगळं होऊन हा पुन्हा तेच विचारतो? मग लक्षात आलं, तो स्वतःसाठी विचारत नव्हता. एकेक शब्द सुटा करून, सावकाश, तिला ऐकू जावं असं विचारत होता.

“नाही,” मी मोठ्याने म्हणालो. “पोरं जाऊ देत फक्त. मग तुम्ही जा.”

त्याने तिला तिच्या भाषेत सांगितलं. तिचा हात बाहेरच होता. ती काहीतरी म्हणाली.

“ती विचारते, खाली उतरायचं का?”

“कशाला? बसा की आत.”

त्याने तेही सांगितलं. शेवटची पोरं पलीकडे पोचली होती. मागे गाड्यांची रांग लागली होती, व्हॅनचं इंजिन चालू होतं. तिने अजून एक विचारलं, अगदी हळू, आणि या वेळी आमच्या भाषेत सांगायला त्याला वेळ लागला.

“ती विचारते, तिघांनी जायचं ना? तिघांनी?”

 उत्तर ताईने दिलं. ती फुटपाथवरून उतरून खिडकीपाशी गेली आणि त्या बाईच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “तिघांनी. एकत्र.”

त्याने सांगितलं. बाईने ताईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कागद आत घेतले. मी पाटी खाली केली.